मोटारगाडीतील दोषसंकेतांची घडण आणि त्यांचा अर्थनिर्णय

इ. स. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील एखाद्या गॅरेजमध्ये तीन कंपन्यांच्या तीन गाड्या उभ्या असतील आणि तिन्हींनी ‘१२’ हाच आकडा दाखविला असेल, तर मेकॅनिकने त्याचे तीन निरनिराळे अर्थ करणे प्राप्त होते. जनरल मोटर्सच्या गाडीत १२ म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडून स्पंद येत नाहीत. आणि इंजिन बंद असताना ते येत नसतातच, म्हणून हा आकडा दोष न सांगता दोषदर्शक यंत्रणा शाबूत असल्याची ग्वाही देई. क्रायस्लरच्या गाडीत १२ म्हणजे बॅटरीची तार नुकतीच काढली गेली होती. फोर्डच्या गाडीत तोच आकडा इंजिनाचा रिकाम्या चालीतील वेग नियंत्रकाच्या ताब्यात राहत नसल्याचे सांगे. चिन्ह एक आणि अर्थ तीन, ही स्थिती भाषाभ्यासकाला अपरिचित नाही. तथापि बोलींच्या बाबतीत ती शतकांच्या दुराव्याने उद्भवते. येथे मात्र ती जेमतेम पाच वर्षांत आणि एकाच देशात उद्भवली.

या संकेतांचा उगम मोटारीच्या सोयीत नसून लॉस एंजलिसच्या हवेत आहे. त्या शहरावर दाटणारे, डोळ्यांची आग करणारे धुके सूर्यप्रकाशात मोटारींचा व तेलशुद्धीचा धूर रासायनिक क्रियेने बदलल्यामुळे बनते, असे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्थापिलेल्या वायुसंसाधन मंडळाचा तोच पहिला अध्यक्ष झाला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुरावरील मर्यादा कडक झाल्या आणि १९७५ च्या अमेरिकी गाड्यांत सायलेन्सरच्या अलीकडे उत्प्रेरक पेटी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसू लागली. तिन्ही विषारी घटकांवर एकाच वेळी काम करणारी पेटी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जवळजवळ नेमके असेल तरच उपयोगी पडते. हे प्रमाण राखणे साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्व्होच्या गाडीत प्रथम आला. त्यामागोमाग त्याचे मोजमाप वाचून पेट्रोल कमीजास्त करणारा संगणकही आला. मोजणारा आला की मोजमाप चुकते आहे हे सांगण्याची सोयही करावी लागते. दोषसंकेत ही ती सोय होय.

प्रारंभीची वाचनपद्धती आज गमतीची वाटते. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशबोर्डखालील सॉकेटची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की इंजिनाचा दिवा लुकलुकू लागे: एकदा, थोडा विराम, मग दोनदा, म्हणजे बारा. तोच आकडा तीनदा झाल्यावर साठविलेले दोष क्रमाने प्रत्येकी तीन वेळा सांगितले जात. क्रायस्लरच्या गाडीत किल्ली पाच सेकंदांच्या आत चालू-बंद-चालू-बंद-चालू अशी फिरवावी लागे आणि ‘५५’ आला की निवेदन संपले असे समजावे. फोर्डचे संकेत साध्या व्होल्टमीटरच्या काट्याचे हेलकावे मोजून वाचता येत. खुद्द दिव्यावरील शब्दही एक नव्हते. कोठे ‘चेक इंजिन’, कोठे ‘सर्व्हिस इंजिन सून’, कोठे ‘पॉवर लॉस’. पहिली दोन आज्ञा आहेत, तिसरे वृत्त आहे. घाबरलेल्या चालकाला तिघांतून सारखाच बोध होत असे, हा भाग वेगळा.

या संकेतांचा खरा प्रश्न अर्थाचा आहे आणि तो इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरून उत्तम कळतो. हा सेन्सर म्हणजे थंडीत विरोध वाढणारा व उष्णतेत घटणारा एक तुकडा. संगणक एका ठराविक विरोधातून त्याला पाच व्होल्ट दाब देतो आणि उरलेला दाब मोजून तापमान ठरवितो. सेन्सरची तार तुटली की दाब पाचाच्या जवळ राहतो. संगणकाच्या कोष्टकात त्याचा अर्थ शून्याखाली सुमारे चाळीस अंश सेल्सियस असा होतो. तार बॉडीला टेकली तर दाब शून्याकडे जातो आणि पाणी अतिशय तापले आहे असा निष्कर्ष निघतो. जनरल मोटर्सच्या यादीत पहिल्या दोषाला १५ व दुसऱ्याला १४ हे आकडे होते, आणि पुस्तकात त्यांपुढे अनुक्रमे ‘तापमान कमी’ व ‘तापमान जास्त’ असे छापलेले असे. मे महिन्यातील दुपारी गाडी ‘तापमान कमी’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नाही. तिच्यापाशी असलेल्या शब्दसंग्रहात तुटलेल्या तारेसाठी दुसरा शब्दच नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे संभाव्य असत्याचा. सेन्सरच्या जोडणीत गंज चढून थोडा विरोध वाढला, तर ऐंशी अंश तापलेले पाणी पन्नास अंशांचे भासते. पन्नास अंश ही अशक्य गोष्ट नव्हे. म्हणून पहिल्या पिढीचे यंत्र, जे केवळ तुटलेली वा टेकलेली तार ओळखत होते, मुकाट्याने जादा पेट्रोल देत राही. गाडीचे ॲव्हरेज उतरे, धूर काळसर होई आणि दिवा मात्र शांत असे. उलटपक्षी ‘४४’ हा ‘धुरात ऑक्सिजन जास्त’ असे सांगणारा संकेत पुष्कळदा अगदी निर्दोष ऑक्सिजन सेन्सरकडून येई. एक्झॉस्टच्या नळीला सेन्सरच्या अलीकडे भेग पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, किंवा एखादे सिलिंडर मिसिंग करून न जळलेला ऑक्सिजन पुढे ढकलत असेल, तर सेन्सर सत्यच सांगत असतो. साक्षीदार बदलून खटल्याचा निकाल बदलत नाही. तरीही महागडे सेन्सर बदलले गेले, आणि दिवा पुन्हा लागला.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदानाची प्राथमिक व्यवस्था सक्तीची केली, पण चिन्हव्यवस्था प्रत्येक कंपनीची स्वतंत्रच राहिली. त्यावरील निर्णायक उपाय १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या सुधारणेत आढळतो. गाडीतील निदानाची माहिती मिळविण्यास केवळ उत्पादकाकडेच मिळणारे साधन लागू नये, आणि ती वाचण्यास कोणतीही खास उलगडा-किल्ली लागू नये, असे या कायद्याने घालून दिले. प्रदूषणाच्या कायद्यात सुबोधतेचे कलम यावे, ही घटना संकेतभाषांच्या इतिहासात मोलाची मानली पाहिजे. मोटार अभियंत्यांच्या संस्थेने त्यापुढचे काम केले. तिच्या जे-१९३० या मानकाने प्रथम नावे निश्चित केली. इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाला फोर्ड ‘एअर चार्ज टेंपरेचर’ आणि जनरल मोटर्स ‘मॅनिफोल्ड एअर टेंपरेचर’ म्हणत असे. दोन्ही बाजूला सारून ‘इन्टेक एअर टेंपरेचर’ हे तिसरेच नाव रूढ केले गेले. परिभाषा समित्यांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तडजोडीचे मर्म सांगावयास नको.

जे-२०१२ या मानकाने संकेतांचे व्याकरण बांधले. संकेत पाच अक्षरांचा. पहिले अक्षर क्षेत्र दाखविते: पी इंजिन व गिअरबॉक्ससाठी, सी चासीसाठी, बी बॉडीसाठी, यू संगणकांच्या आपसांतील संभाषणासाठी. दुसऱ्या स्थानी शून्य असल्यास अर्थ सर्वसामान्य, एक असल्यास तो कंपनीने ठरविलेला. म्हणजे प्रमाणभाषेने बोलीला आपल्याच पोटात एक कोपरा राखून दिला. तिसरे स्थान उपव्यवस्थेचे: एक वा दोन असल्यास पेट्रोल व हवा, तीन असल्यास ठिणगी, सात असल्यास गिअरबॉक्स. ‘पी०३०१’ म्हणजे पहिले सिलिंडर मिसिंग करते. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व प्रवासी मोटारींना हे व्याकरण आणि सोळा पिनांचे सॉकेट बंधनकारक झाले.

नव्या व्यवस्थेने संभाव्य असत्यावरही इलाज शोधला. रात्रभर थंड झालेल्या गाडीत पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असले पाहिजे. ते नसेल तर दोहोंपैकी एक सेन्सर संशयित ठरतो. एका साक्षीची पारख दुसरीने करण्याचा हा मार्ग आहे. बहुतेक दोषांत पहिल्या वेळी संशय केवळ टिपला जातो आणि पुढील फेरीत तोच पुन्हा आढळला तर दिवा लागतो. उत्प्रेरक पेटी जाळील असे मिसिंग मात्र दिवा तत्काळ लुकलुकवते. माधवनिदानातील परिभाषा वापरावयाची तर टिपलेला संशय हे पूर्वरूप आणि पेटलेला दिवा हे रूप होय. संप्राप्ती, म्हणजे दोष कोणत्या मार्गाने येथवर पोहोचला हे ज्ञान, संकेतात नसते. ‘पी०१७१’ मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो; त्यामागे फाटलेली व्हॅक्यूमची नळी, मळलेला हवामापक सेन्सर किंवा दुबळा पेट्रोल पंप असू शकतो. ‘पी०४२०’ उत्प्रेरक पेटी क्षीण झाल्याचे सांगतो, कारण पेटीच्या पलीकडचा सेन्सर अलीकडच्याची नक्कल करू लागलेला असतो. पण ती मुळात इंजिनाच्या मिसिंगमुळे किंवा ऑइल जळाल्यामुळे मेली असेल, तर नवी पेटीही त्याच वाटेने जाते. भाग बदलून पाहणे हा उपशय आहे. तो वैद्यकात मान्य आहे, मात्र तेथेही तो इतर लक्षणे गूढ असतील तेव्हाचा; पहिला नव्हे.

भारतात ही व्यवस्था भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर आली. एप्रिल २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत ते नियम प्रथम लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. चारचाकी गाड्यांना स्वयंनिदानाचा पहिला टप्पा त्याच वर्षी व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाबरोबर दुचाकींनाही दोषदर्शक दिवा आला. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा गाड्यांची विक्रीपूर्व तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. ज्या मेकॅनिकने हात आवाजावर तयार केला, त्याच्या हाती स्कॅनर आला. ‘कोड मारून बघतो’ हा नवा वाक्प्रयोग त्याच्या तोंडी आहे. त्यातील ‘बघतो’ हे क्रियापद अधिक महत्त्वाचे.

या भाषेची एक मर्यादा १९९६ मध्ये लक्षात आली नव्हती. संकेत ज्या संगणकात जन्मतो, त्याचे नियम उत्पादकच लिहितो. फोक्सवॅगनने काही डिझेल गाड्यांत चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरती धूरनियंत्रणे कार्यक्षम ठेवणारी आज्ञावली घातली होती, हे अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी जाहीर केले. रस्त्यावर या गाड्या मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडीत असताना डॅशबोर्डवरील दिवा पेटला नाही, कारण त्या आज्ञावलीच्या लेखी काहीच बिघडले नव्हते. हा प्रकार गाडीच्या सॉकेटमधून उघडकीस आला नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारे यंत्र गाडीवरच चढवून ती कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर चालविली, तेव्हा तो आला. भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील अशी मोजणी १ एप्रिल २०२३ पासून नियमांचा भाग झाली आहे.