यंत्राचे संगीत आणि माणसाचे श्रेय

पॅरिसच्या तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल दे ओमेम-क्रिस्तो या दोन तरुणांनी १९९३ मध्ये 'डाफ्ट पंक' ही जोडी जमविली. २०२१ मध्ये ती मोडली. विद्युत्-यंत्रांवर रचलेले नृत्यसंगीत त्यांनी नाचघरांतून घराघरांत पोचविले. ठेका नाचणाऱ्याचा, पण त्यावरची चाल कोणाच्याही ओठांवर बसावी अशी. त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म यातच आहे.

आक्षेपक म्हणतात, यात कर्तृत्व ते काय? जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे जोडले, आणि 'हाऊस' संगीत तर शिकागोच्या कृष्णवर्णीयांच्या नाचघरांत जन्मलेले! आक्षेप निराधार नाही. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे यंत्राला शत्रू मानीत नाही. घाम कोणाचा आणि नाव कोणाचे, एवढेच विचारतो.

या कसोटीला ही जोडी बरीचशी उतरते. १९९७ च्या 'होमवर्क' संग्रहातील 'टीचर्स' या रचनेत त्यांनी आपल्या गुरुजनांची नावेच उच्चारली. २००१ च्या 'डिस्कव्हरी'त एडविन बर्डसाँगच्या गीताचा तुकडा घेतला, तेव्हा रचनाकारांत त्याचे नाव घातले. २०१३ च्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज'साठी तर नाईल रॉजर्स, नेथन ईस्ट, ओमर हकीम असे कसलेले वादक बोलाविले. २०१४ मध्ये तोच संग्रह ग्रॅमी पारितोषिकांत वर्षातील सर्वोत्तम ठरला.

स्वतःचे चेहरे शिरस्त्राणांखाली झाकणाऱ्यांनी इतरांची नावे उघडी ठेविली, हे आम्हांस मोलाचे वाटते. मात्र श्रोतेहो, हे कलावंताच्या भलेपणावर सोडून भागत नाही. तुकडा दोन सेकंदांचा असला, तरी त्याची मजुरी ठरलीच पाहिजे.