देवगिरीचा कडा आणि देवगिरीची कोठी

श्रीरामपूर हे नाव जुन्या कागदांत शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग व प्रवरेचे पाट यांच्या आश्रयाने वाढलेले हे गाव. त्याचे स्थानक अजून बेलापूर या जुन्या शेजाऱ्याच्याच नावाने ओळखले जाते. परंतु येथून पूर्वेस नेवाशाची वाट धरली की प्रवासी थोड्याच अवकाशात यादवांच्या काळात शिरतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी नेवाशास सिद्ध झाली, आणि तिच्या अखेरीस त्या काळचा राजा म्हणून रामचंद्राचे नाव आले आहे. त्या राजाची राजधानी पाहावी या हेतूने आम्ही नेवाशाचा खांब पाहून निघालो, प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली आणि छत्रपती संभाजीनगर मागे टाकून देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, पायथ्याशी येऊन पोचलो.

गडाचे वर्णन अनेकांनी केले आहे. ते येथे विस्ताराने पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. मैदानात एकटीच उभी असलेली शंकूच्या आकाराची टेकडी, तिच्याभोवती अंबरकोट, महाकोट व काळाकोट असे एकामागून एक तट, पुढे खडकात खोदलेला खंदक, आणि खंदकापलीकडे माणसाच्या हाताने तासून उभा केलेला कडा. या कड्यावर चढण्यास वाट एकच. खंदकावरील पूल ओलांडला की अंधारी नावाचा खडकातील भुयारी मार्ग लागतो. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण घालून त्यावर विस्तव पेटवीत व धुराने शत्रूस कोंडीत, असे सांगतात. आम्ही हातातील दिव्याच्या प्रकाशात तो मार्ग चढून गेलो. पायऱ्या उंच व विषम आहेत, वळणे अनपेक्षित आहेत, आणि वटवाघळांचा वास असह्य आहे. ज्याने हे काम योजिले, त्याने शत्रूच्या प्रत्येक पावलाचा विचार केला होता, याविषयी शंका राहत नाही.

वर बारादरीच्या सज्ज्यात उभे राहिल्यावर मात्र दृष्टी गडावरून निघून खाली जाते. पंधराव्या शतकातील चांदमिनार सुमारे २१० फूट उंच, पण येथून तो चातीसारखा दिसतो. त्याच्यासमोर देवळांचे खांब वापरून उभारलेली मशीद आहे, इ. स. १३४७ मध्ये बहामनी राज्याचा पहिला सुलतान तेथेच तख्तावर बसला. त्यापलीकडे अंबरकोटाच्या आत पसरलेले पडके चौथरे, शेते व झाडी. हीच ती नगरी, जिला महंमद तुघलकाने इ. स. १३२७ मध्ये दिल्लीच्या जोडीची राजधानी केले. आज गड उभा आहे आणि शहर नाही. हे पाहून सामान्य प्रेक्षक म्हणतो, की गड अजिंक्य होता, शहर दुबळे होते. आम्हांस याच्या उलट वाटते. या गडाचे भवितव्य दर वेळी खालच्या शहरात व सभोवतालच्या शेतांत ठरले. कड्यावर ते क्वचितच ठरले.

पहिला दाखला इ. स. १२९६ चा. अल्लाउद्दीन खलजी अचानक येऊन थडकला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामचंद्रदेव बालेकिल्ल्यात शिरला. शहर लुटले गेले. फिरिश्ता सांगतो, की घाईने गडावर चढविलेली पोती धान्याची समजून घेतली होती, ती उघडता मिठाची निघाली. फिरिश्ता हे तीनशे वर्षांनंतर लिहितो, तेव्हा मिठाची गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. तथापि गोष्टीतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. गड कड्यावरून चढून कोणी घेतला असे तीही म्हणत नाही. कोठी रिकामी होती म्हणून राजा तहास आला, एवढेच ती सांगते.

दुसरा दाखला उलट दिशेचा. इ. स. १३४७ मध्ये बंडखोर अमीर बालेकिल्ल्यात कोंडले गेले आणि खुद्द महंमद तुघलक खाली तळ देऊन बसला. पण गुजरातेत नवे बंड उठल्यामुळे सुलतानास वेढा दुसऱ्यांवर सोपवून जावे लागले आणि गड वाचला. म्हणजे कडा वेळ मिळवून देतो. त्या वेळात बाहेर काही घडले तरच त्याचा उपयोग.

तिसरा दाखला आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा आहे आणि तोच सर्वांत बोलका आहे. मलिक अहमद निजामशहाने दौलताबादेस वेढा घालून पाहिला. गड हाती येईना. मग त्याने जुन्नर व दौलताबाद यांच्या दरम्यान इ. स. १४९४ मध्ये अहमदनगर वसविले, आणि फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे वर्षातून दोनदा, खरिपाच्या व रबीच्या सुगीस, दौलताबादच्या आसपासची पिके नासण्यास फौज पाठविण्याचा परिपाठ ठेवला. अखेर इ. स. १४९९ मध्ये किल्लेदार मलिक अश्रफ मरण पावताच शिबंदीने किल्ल्या आणून दिल्या. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या शहराच्या स्थापनेमागे दौलताबादची कोठी उपाशी ठेवण्याचा हेतू होता, ही गोष्ट स्थानिक इतिहास सांगताना सहसा विसरली जाते. या दोन शहरांमधील सरळ वाट आजही नेवाशावरून जाते. आम्ही ज्या शेतांमधून आलो त्यांकडे परतताना आम्हांस निराळ्या दृष्टीने पाहावे लागले.

चौथा दाखला इ. स. १६३३ चा. या वेळी शहाजहानचा सरदार महाबतखान वेढा घालून होता, आणि गडात मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान बालवयाच्या हुसेन निजामशहासह होता. इ. स. १६३० ते १६३२ या दुष्काळाने दक्षिण आधीच उजाड केली होती. सुरुंगांनी बाहेरचे तट फुटले हे खरे. पण बालेकिल्ल्याचा कडा तसाच अभंग होता. विजापूरकरांच्या फौजा, ज्यांत शहाजी राजेही होते, बाहेरून मोगलांस सतावीत होत्या व आत रसद घालू पाहत होत्या. ती पोचली नाही. उपासमार व रोगराई यांनी गांजलेल्या फत्तेखानाने जूनमध्ये गड खाली करून दिला. पुढे उदगीरनंतर इ. स. १७६० मध्ये तो मराठ्यांकडे आला, तोही तहाच्या कलमाने.

कोणी म्हणतील, की उपासमारीने कोणताही किल्ला पडतो, त्यात देवगिरीचे विशेष ते काय? विशेष गडाच्या जागेत आहे. सह्याद्रीतील गडास मागे डोंगराची सोंड असते, रान असते, चोरवाट असते. देवगिरी मैदानात एकटी आहे. तिला चहूकडून वेढता येते. ज्या एका अंधारीने शत्रू अडतो, त्याच अंधारीने धान्याचे पोतेही अडते. शिवाय पायथ्याशी राजधानी; संकट आले की सारे दरबारी व आश्रित लोक वर धावणार, म्हणजे खाणारी तोंडे वाढली आणि बाजार शत्रूच्या हाती गेला. जितके शहर मोठे, तितका गड कमकुवत. शिवछत्रपतींच्या व्यवस्थेत प्रत्येक गडावर हवालदार व सबनीस यांच्या बरोबरीने कारखानीस नेमलेला असे आणि धान्यसामग्री त्याच्याकडे असे. कोठीच्या माणसास हवालदाराच्या पंक्तीस बसविण्यात केवढा अनुभव साठलेला आहे, हे अंधारीतून उतरताना आमच्या ध्यानी आले.

आता आमच्या वाचकांस एक विनंती. गडाजवळच कागजीपुरा आहे. तेथील कागद दौलताबादी या नावाने मराठी दफ्तरांत शतकानुशतके वापरला गेला. आपणांपैकी पुष्कळांच्या संग्रही तो असेल. पोथ्या, सनदा व महजर आपण जपतो, परंतु गल्ला, मीठ, तेल व वैरण यांच्या याद्या, कोठीचे जमाखर्च व बैलांच्या भाड्याच्या चिठ्ठ्या किरकोळ म्हणून बाजूस पडतात, वाळवी खाते किंवा रद्दीत जातात. गड कोणी घेतला हे तवारिखा सांगतात. त्या दिवशी गडावर किती दिवसांचे धान्य होते, हे मात्र अशा एखाद्या फाटक्या यादीवाचून कळण्याचा मार्ग नाही. कडा आपल्या बळावर आणखी शतके उभा राहील. यादीस ते बळ नाही. म्हणून ती हाती येताच प्रथम तिची नक्कल करून ठेवावी.