बहिऱ्यांचा वारसा

खानदेशांत, जळगांव-धुळ्याकडील हिंदु कुटुंबांत भावाभावांच्या वांटण्या होत, तेव्हां जन्मतः बहिऱ्या-मुक्या भावास जमिनीचा वांटा मिळावा कीं केवळ अन्नवस्त्र, हा प्रश्न नुसत्या दयेचा नव्हता. तो कायद्याचा होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, बधिर व मूक यांस वांट्यास अपात्र ठरविलें आहे. त्यांचें पोषण करावें व त्यांच्या अपत्यास वांटा द्यावा, असेंही तेथेंच सांगितलें आहे. बाप अपात्र आणि मुलगा पात्र, हा न्याय विलक्षणच! इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही जन्मजात बहिरेमुकेपणास हाच नियम लावला.

जो बोलत नाहीं त्यास समजतही नाहीं, या लोकभ्रमाचा त्यास आधार मिळे. वस्तुतः बहुतेक बहिऱ्या मुलांची जीभ व कंठ धड असतात. मूल ऐकून बोलावयास शिकतें. शब्द कानीं पडत नाहीं, म्हणून तो तोंडीं येत नाहीं. येथें बुद्धीचा संबंध काय? सोळाव्या शतकांत स्पेनमधील पेद्रो पोन्से या ख्रिस्ती संन्याशानें सरदारांच्या बहिऱ्या मुलांस शिकवून हें दाखवून दिलें होतें. मुंबईस बिशप मूरिन यांच्या प्रयत्नानें १८८५ च्या सुमारास बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली. तत्पूर्वीं, १८८० सालीं, मिलानच्या शिक्षक-परिषदेनें हातांच्या खुणा शिक्षणांतून वगळण्याचा ठराव केला होता. सोय पाहिली गेली ती ऐकणाऱ्यांची.

कायदा बदलला १९२८ सालीं. त्या वर्षींच्या बाराव्या कायद्यानें, मिताक्षरा मानणाऱ्यांपुरतें, शारीरिक व्यंगामुळें वारसा बुडणें बंद झालें; जन्मतः वेडा वा जडबुद्धि एवढाच अपवाद राहिला. १९५६ च्या वारसा कायद्यानें वारशापुरता तोही गेला. मात्र १९२८ पूर्वीं इतरांकडे गेलेले हक्क त्या कायद्यानें परत दिले नाहींत.