लेस्टरशायरचा शालेय वाद्यवृंद : स्थानिक शिक्षणकारभाराच्या इतिहासातील एक प्रकरण

वाद्यवृंदाचा इतिहास सामान्यतः त्याचे निर्देशक, त्याने वाजविलेल्या रचना आणि त्याचे दौरे यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. मध्य इंग्लंडमधील लेस्टरशायर काउंटीच्या शालेय सिंफनी वाद्यवृंदाचा इतिहासही या रीतीने सांगता येईल, आणि तसा तो सांगितला गेला आहे. १९७२ च्या उन्हाळ्यात या वृंदातील शाळकरी मुलामुलींनी हॅवरगल ब्रायन या इंग्रज संगीतरचनाकाराच्या दहाव्या व एकविसाव्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण केले. ब्रायन त्या वेळी ९६ वर्षांचे होते. त्यांनी एकूण ३२ सिंफनी रचल्या होत्या. परंतु तोवर त्यांपैकी एकीचीही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका निघालेली नव्हती. लंडनच्या नामांकित वृंदांकडून जे घडले नाही ते एका काउंटीच्या शाळांतील विद्यार्थ्यांकडून घडले, ही घटना आश्चर्यकारक खरीच. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला या आश्चर्यापाशी थांबता येत नाही. ही मुले कोणाची वाद्ये वाजवीत होती, त्यांना शिकविणाऱ्यांचा पगार कोण देत होते, आणि हा खर्च करण्याचा अधिकार त्यांना कोणत्या कायद्याने दिला होता, हे प्रश्न त्याच्या पुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे संगीताच्या इतिहासापेक्षा स्थानिक कारभाराच्या इतिहासात शोधावी लागतात.

इंग्लंडमधील सामान्य शाळांत वाद्यशिक्षणाचा प्रसार प्रथम सरकारने केला नाही. तो व्यापाराने केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंट काउंटीतील मेडस्टन येथे शाळेतील मुलांना एकत्र बसवून व्हायोलिन शिकविण्याचा प्रयोग झाला. वाद्ये विकणाऱ्या मर्डोक कंपनीने त्यास चालना दिली. व्हायोलिन, गज व पेटी मुलाच्या घरी द्यावयाची आणि पालकांनी त्यांची किंमत आठवड्याच्या लहान हप्त्यांनी फेडावयाची, अशी ही योजना होती. १९०९ च्या सुमारास पाच हजारांवर शाळांतील चार लाखांच्या आसपास मुले या पद्धतीने शिकत होती, असे तत्कालीन आकडे सांगतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुलांचे सामुदायिक व्हायोलिनवादन होत असे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र ही चळवळ ओसरली. तिचे महत्त्व दोन कारणांसाठी ध्यानात घेतले पाहिजे. कामगारवर्गातील मुले व्हायोलिन शिकू शकतात हे तिने निर्विवादपणे सिद्ध केले. त्याचबरोबर तिच्या मर्यादाही उघड झाल्या: ज्या वाद्याला मोठे गिऱ्हाईक आहे त्याचेच शिक्षण व्यापार देऊ शकतो. व्हायोलिन हप्त्याने विकता येते. बासून विकता येत नाही.

बासूनचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे. सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक वीस-पंचवीस लागतात. बासून, ओबो किंवा फ्रेंच हॉर्न वाजविणारे दोन, तीन वा चार लागतात. पण ते नसतील तर वृंद उभाच राहत नाही. ही वाद्ये महाग असून त्यांचे शिक्षक विरळा. एखाद्या पालकाने आपल्या मुलासाठी बासून विकत घ्यावे असे सहसा घडत नाही. एखाद्या शाळेनेही ते घेण्याचे कारण नसते, कारण एकट्या शाळेत त्याच्या जोडीला वाजविणारे इतर वादक मिळत नाहीत. शेकडो शाळांचा एकत्र विचार करणारी व्यवस्था असेल तरच वाद्य विकत घेणे, ते योग्य मुलाला उसने देणे आणि आठवड्यातून एकदा त्या मुलाच्या शाळेत शिक्षक पाठविणे ही साखळी जुळते. स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा असलेला काउंटी हा विभाग या कामास नेमका पुरेसा होता.

या व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९४४ च्या शिक्षण अधिनियमाने. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच संमत झालेल्या या अधिनियमाने माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत केले आणि त्याची जबाबदारी काउंट्या व मोठी शहरे यांच्या शिक्षणसत्तांवर टाकली. त्याच्या ६१ व्या कलमाने सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळांतील शिक्षणासाठी शुल्क घेण्यास मनाई केली. खर्चाचा भार घरे व इमारती यांवरील स्थानिक कर आणि मध्यवर्ती सरकारचे अनुदान यांवर पडावयाचा होता. वाद्यवादन शिकविलेच पाहिजे असे अधिनियमात कोठेही म्हटलेले नव्हते. परंतु ज्या शिक्षणसत्तेची तशी इच्छा असेल तिला ते करण्यास वाव होता. आणि ती इच्छा असणे वा नसणे हे बव्हंशी तेथील अधिकाऱ्यांवर अवलंबून होते.

लेस्टरशायरला असे अधिकारी लाभले. स्टुअर्ट मेसन हे १९४७ पासून १९७१ पर्यंत तेथील शिक्षणसंचालक होते. अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची दोन प्रकारच्या शाळांत विभागणी करण्याची पद्धत मोडण्यासाठी १९५७ मध्ये सुरू झालेली ‘लेस्टरशायर योजना’ त्यांच्याच कारकीर्दीतील. शाळांच्या भिंतींवर लावण्यासाठी समकालीन चित्रकारांची मूळ चित्रे खरेदी करण्याचा प्रघातही त्यांनीच पाडला. चांगली कला सामान्य शाळेत रोजच्या वापरात असावी, हे त्यांचे सूत्र होते. १९४८ मध्ये एरिक पिंकेट हे काउंटीचे संगीत-सल्लागार झाले आणि त्याच वर्षी काउंटी संगीतशाळा व तिचा वाद्यवृंद यांची स्थापना झाली. ही संगीतशाळा म्हणजे नित्य भरणारे विद्यालय नव्हते. निरनिराळ्या गावांतील मुले आपापल्या शाळेत फिरत्या शिक्षकांकडून शिकत आणि शनिवारी सकाळी एकत्र येऊन वाजवीत. कोलव्हिलच्या कोळसाखाणी, हिंकलीचे मोजे-बनियनांचे कारखाने आणि मेल्टन मोब्रेचा शेतीप्रदेश या सर्वांचा समावेश असलेल्या काउंटीचा हा वृंद होता. लेस्टर शहराची शिक्षणसत्ता १९७४ पर्यंत स्वतंत्र होती. त्यामुळे वृंदाचे मोठे कार्यक्रम शहरातील डी माँटफर्ट हॉलमध्ये होत असले तरी त्याचा पाया शहराबाहेरच्या शाळांत होता.

त्याच १९४८ साली रूथ रेल्टन यांनी ग्रेट ब्रिटनचा राष्ट्रीय युवक वाद्यवृंद स्थापन केला. दोन्ही संस्थांची तुलना उद्बोधक ठरते. राष्ट्रीय वृंदाचे कार्य निवडीचे होते: देशभर तयार झालेल्या मुलांतून उत्तम वादक वेचावयाचे आणि सुट्टीत त्यांना एकत्र आणावयाचे. ते वादक मुळात कोठे व कसे तयार व्हावेत हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता. काउंटीच्या वृंदाला मात्र प्रथम वादक घडवावे लागत आणि नंतर निवडावे लागत. या दृष्टीने पाहता राष्ट्रीय वृंद हा शिखर आणि काउंट्यांचे वृंद हा त्याचा डोंगर होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

लेस्टरशायरच्या वृंदाला व्यापक कीर्ती मिळाली ती संगीतरचनाकार मायकेल टिपेट यांच्या सहवासाने. १९६५ मध्ये ते वृंदाशी आश्रयदाते व निर्देशक या नात्यांनी जोडले गेले. त्या वेळी साठीत असलेले टिपेट या कामाकडे योगायोगाने वळले नव्हते. १९३० नंतरच्या मंदीत त्यांनी लंडनच्या मॉर्ली कॉलेजमध्ये बेकार वादकांचा वृंद चालविला होता, आणि उत्तर यॉर्कशायरमधील बूझबेक या गावी खाणकामगारांसाठी संगीतनाट्य बसविले होते. युद्धविरोधी भूमिकेपायी १९४३ मध्ये त्यांनी कारावासही सोसला होता. संगीत हे समाजाचे समान धन आहे ही त्यांची जुनी श्रद्धा होती. लेस्टरशायरच्या मुलांसाठी त्यांनी गायकवृंद व वाद्यवृंद यांची ‘शायर्स स्वीट’ ही पाच भागांची रचना टप्प्याटप्प्याने केली, आणि १९७० मध्ये चेल्टनम महोत्सवात ती प्रथमच संपूर्ण सादर झाली. एकाने आरंभलेली चाल दुसऱ्याने काही मात्रांच्या अंतराने उचलावयाची, अशा धर्तीची जुनी इंग्रजी गीते तिच्या मुळाशी आहेत. तेराव्या शतकातील ग्रीष्मागमनाचे प्रसिद्ध गीत हे त्यांपैकी एक. मुलांसाठी म्हणून रचना सोपी करण्याचा मार्ग टिपेट यांनी पत्करला नाही. ब्रायन यांच्या सिंफनींची निवडही याच वृत्तीची द्योतक होय. ब्रायन हे स्वतः स्टॅफर्डशायरमधील कुंभारकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबात जन्मले होते आणि बाराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. त्यांच्या उपेक्षित रचनांना सार्वजनिक शाळांतील मुलांनी वाचा फोडली, यातील औचित्य लक्षात येण्याजोगे आहे.

या यशाचे मोजमाप करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शनिवारी सकाळी मुलाला सोडणारे, घरी सराव सहन करणारे आणि दौऱ्याला संमती देणारे पालक सर्व थरांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. मोफत शिक्षणाने आर्थिक अडसर दूर होतो. इतर अडसर तसेच राहतात. म्हणून हा वृंद संपूर्ण काउंटीचे प्रतिबिंब होता असे गृहीत धरता येणार नाही. परंतु ज्या घरात बासून कधीच आले नसते अशा घरातील मुलाच्या हाती ते देण्याची सोय त्याच्यामागील व्यवस्थेत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

पिंकेट १९७६ मध्ये निवृत्त झाले. त्याच सुमारास देशभर सार्वजनिक खर्चाला कात्री लागू लागली आणि १९४४ च्या अधिनियमातील एक अस्पष्टता पृष्ठभागावर आली. हेरेफर्ड आणि वूस्टर या काउंटीने शाळेतील वाद्यशिक्षणासाठी पालकांकडून शुल्क घेण्याचे ठरविले. त्याविरुद्ध दाद मागितली गेली, आणि १९८१ मध्ये उच्च न्यायालयाने ते शुल्क बेकायदा ठरविले. वाद्यवादन शिकविणे हेही शिक्षणच होय, आणि म्हणून ६१ व्या कलमाचे संरक्षण त्यासही आहे, असा या निकालाचा आशय होता. तत्त्वतः हा वाद्य शिकणाऱ्या मुलाचा मोठाच विजय होता. परंतु या विजयातच त्याची दुर्बलता दडलेली होती. शिकविले तर मोफत शिकवा, एवढेच न्यायालय सांगू शकत होते. शिकवाच, असे सांगण्यास कायद्यात आधार नव्हता. शुल्क घेता येत नसेल तर शिक्षकच कमी करावयाचे, हा मार्ग शिक्षणसत्तांना मोकळाच होता.

१९८८ च्या शिक्षण सुधारणा अधिनियमाने हा पेच उलट दिशेने सोडविला. या अधिनियमाने संगीताला राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्थान दिले ही जमेची बाजू. परंतु शाळेच्या वेळेतील शिक्षण मोफत असावे या सामान्य नियमाला त्याने जो अपवाद केला तो वैयक्तिक वाद्यशिक्षणाचा. १९८१ मध्ये न्यायालयाने जे ‘शिक्षण’ म्हणून मान्य केले होते, त्यासाठी सात वर्षांनी संसदेने शुल्काची वाट मोकळी करून दिली. याच अधिनियमाने शाळांचे अंदाजपत्रक शिक्षणसत्तेच्या हातून काढून बहुतांशी शाळांच्या स्वाधीन केले. शाळांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने या तरतुदीचे समर्थन करता येईल. वाद्यवृंदाच्या दृष्टीने तिचा परिणाम स्पष्ट आहे. प्रत्येक मुख्याध्यापक आपल्या शाळेची गरज पाहून खर्च करणार, आणि कोणत्याही एका शाळेला बासूनची गरज नसते.

यानंतरच्या काळात इंग्लंडमधील संगीतशिक्षणाची पुनर्रचना वारंवार झाली. १९९७ मध्ये लेस्टर शहर पुन्हा काउंटीपासून वेगळे झाले. २०११ च्या राष्ट्रीय संगीतशिक्षण योजनेनुसार २०१२ पासून शाळा, स्थानिक संस्था व कलासंस्था यांची संगीत-केंद्रे सुरू झाली. २०२४ मध्ये त्यांची संख्या ११६ वरून ४३ वर आणून प्रत्येकाचे क्षेत्र वाढविण्यात आले. एका शाळेपेक्षा मोठा विभाग असल्याखेरीज हे काम चालत नाही याची ही एक प्रकारे कबुलीच होती. लेस्टरशायरचा शालेय वाद्यवृंद या सर्व स्थित्यंतरांतून टिकून राहिला, हे त्याच्या परंपरेला भूषणावह आहे. मात्र संस्था टिकणे आणि संस्थेचा पाया टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वृंद तोच राहिला तरी त्यात प्रवेश करणाऱ्या मुलाच्या मागे आता कराऐवजी पालकांचे शुल्क उभे असू शकते, आणि कार्यक्रमपत्रिकेवर हा फरक दिसत नाही.

पिंकेट आणि टिपेट यांची कर्तबगारी यामुळे उणावत नाही. परंतु त्यांच्यासारखी माणसे इतरत्रही होती. विशेष होता तो १९४४ नंतरच्या चार दशकांचा योग. काउंटीला खर्च करण्याची मुभा होती, शुल्क घेण्यास मज्जाव होता, आणि अनेक शाळांची गरज एकत्र पाहणारे कार्यालय अस्तित्वात होते. या तिहींपैकी एकही गोष्ट मुलाचा हक्क म्हणून कायद्यात लिहिली गेली नव्हती. शुल्कापासून मुक्ती लिहिली गेली. शिकण्याचा हक्क लिहिला गेला नाही. म्हणूनच ज्या मुलांनी ब्रायन यांच्या सिंफनी वाजविल्या त्यांच्यापुढील पिढ्यांना तीच संधी मागताना कायद्याकडे बोट दाखविता आले नाही. कलासंस्थांच्या इतिहासलेखनात कार्यक्रमपत्रिकांइतकेच महत्त्व अधिनियमांच्या कलमांना व स्थानिक अंदाजपत्रकांना का द्यावयाचे, हे लेस्टरशायरच्या या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.