कोळशाने रेखलेली महानगरी

न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचा इतिहास लिहिताना त्यांचे वास्तुविशारद आणि धनिक मालक यांची नावे आदराने घेतली जातात; परंतु टप्प्याटप्प्याने मागे सरत निमुळत्या होत जाणाऱ्या त्या पर्वतप्राय आकृतीचे भव्यत्व ज्यांनी लोकांच्या मनावर ठसवले, त्या ह्यू फेरिस यांचा उल्लेख तळटीपेत उरकला जावा, हा मला अन्याय वाटतो. १८८९ साली सेंट लुइस येथे जन्मलेले फेरिस वास्तुविद्या शिकले, वूलवर्थ इमारतीचे कर्ते कॅस गिल्बर्ट यांच्या कार्यालयात त्यांनी काही काळ उमेदवारी केली आणि पुढे इतरांनी योजिलेल्या वास्तूंची चित्रे काढून देणे हाच त्यांनी आपला व्यवसाय केला.

त्यांच्या प्रतिभेला आव्हान दिले ते एका कायद्याने. १९१५ साली पुरी झालेली इक्विटेबल इमारत आपली सारी जमीन व्यापून सरळ वर चढली आणि तिने भोवतालचे रस्ते छायेत बुडवले. अशा इमारतींविरुद्ध आधीच धुमसत असलेल्या असंतोषाला तिने जोर आणला, आणि १९१६ साली नगरशासनाने असे फर्माविले की, रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात ठरलेल्या उंचीनंतर इमारतीने हद्दीपासून आत सरावे. जागेच्या चौथ्या हिश्शावर मात्र मनोरा हवा तितका उंच न्यावा. या रुक्ष कलमांत कोणती आकृती दडली आहे, हे वास्तुविशारद हार्वे विली कॉर्बेट यांच्या सहकार्याने फेरिस यांनी १९२२ साली चार चित्रांत दाखवले : प्रथम कायद्याने मंजूर केलेले उतरत्या बाजूंचे अवाढव्य घनरूप, मग उजेडासाठी त्यात पाडलेल्या खाचा, मग पोलादी सांगाड्याला सोयीच्या पायऱ्या, आणि अखेर बांधता येण्याजोगी इमारत. शिल्पकाराने शिळा फोडावी तसा हा क्रम आहे. मात्र येथे शिळा घडवली ती कायद्याने.

त्यांची रीतही या विचाराला साजेशीच होती. कागदावर कोळशाची पूड चोळून काळोख आधी पसरायचा, आणि मग मऊ रबराने तो पुसत पुसत भिंतीच्या कडा व खालून वर फेकलेले प्रकाशझोत मोकळे करायचे, अशा पद्धतीमुळे त्यांच्या इमारती रेषांनी बांधलेल्या न दिसता धुक्यातून प्रकट झाल्यासारख्या दिसतात. नक्षी, खिडक्या, दुकानांच्या पाट्या बहुधा विरून जातात आणि उरते ते केवळ वस्तुमान. तळाशी मुंग्यांएवढी माणसे दिसतात. त्यांना पाहून या वैभवाचा अभिमान वाटतो आणि भयही वाटते, व माझ्या मते या दुहेरी भावनेतच फेरिस यांचे मोठेपण आहे, कारण गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी काढलेल्या चित्रात ती सहसा येत नाही.

१९२९ साली त्यांनी आपल्या कल्पनेतील उद्याच्या महानगराचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी शेअरबाजार कोसळून अशा मनोऱ्यांचा ओघ आटत गेला. फेरिस यांचा कोळसा मात्र थांबला नाही : त्यांनी मोठमोठी धरणे रेखाटली, आणि १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाचा आराखडा ठरविण्यासाठी देशोदेशींचे वास्तुविशारद न्यूयॉर्कमध्ये जमले, तेव्हा त्यांच्या चर्चेत पुढे येणाऱ्या योजनांना दृश्यरूप देण्याचे काम फेरिस यांच्याकडेच सोपवण्यात आले.