केर्केओसिरिसच्या कुलकर्ण्याचे दफ्तर

इ. स. 1900 च्या जानेवारीत, ईजिप्तमधील फायूम प्रांताच्या दक्षिण कडेस, प्राचीन टेब्टुनिस नगरीच्या स्मशानभूमीत ग्रेन्फेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे दोन विद्वान उत्खनन करीत असता, माणसांच्या शवपेटिका हाती लागतील या आशेने खणणाऱ्या एका मजुराला एकामागून एक मगरींच्याच ममी सापडू लागल्या. तेव्हा वैतागून त्याने त्यांतली एक फोडली आणि तिच्या अंगाभोवती लिहिलेल्या पपायरसचे थर गुंडाळलेले दिसले. मगर हे त्या प्रांताच्या सोबेक देवतेचे रूप मानले जाई, तिचे शव विधिपूर्वक जतन करण्याची चाल होती, आणि त्या कामी सरकारी कचेऱ्यांतून बाद झालेली रद्दी वापरली जाई.

या रद्दीतून इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या काळातले, मौजे केर्केओसिरिस येथील मेंखेस नावाच्या ग्रामलेखकाचे ग्रीक भाषेतील दफ्तर बाहेर आले. आपल्याकडील कुलकर्ण्याचे जे काम तेच बहुतांशी त्याचे होते. इ. स. पूर्व 119 मधील त्याच्या नेमणुकीचा हुकूम उपलब्ध आहे. गावच्या शिवारातील पडीक ठरलेली 10 अरूरा, म्हणजे सुमारे 7 एकर, जमीन त्याने स्वखर्चाने लागवडीस आणावी, तिचा 50 आर्ताबा धान्याचा खंड दरसाल राजाच्या कोठारात भरावा, तूट आल्यास ती पदरची सोसावी, आणि या कराराच्या बोलीवर गावचे दफ्तर त्याच्या हवाली करावे, असा त्या हुकुमाचा आशय आहे. सरकारी अधिकाराची किंमत तेव्हा ईजिप्तवर सत्ता असलेल्या टॉलेमी घराण्याच्या राज्यात कोणत्या नाण्यात मोजली जात होती, हे एवढ्या एका कागदावरून जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही राजप्रशस्तीवरून कळणार नाही.

गावची एकूण जमीन सुमारे 4,700 अरूरा. तीत राजाची किती, देवस्थानाची किती, शिपाईगिरीबद्दल इनाम दिलेली किती, कोणत्या तुकड्यात गहू, कोणत्यात मसूर, कोणती जमीन खारवट झाली आणि कोणती पाण्याखाली गेली, याची दरसालची पाहणी मेंखेसने नोंदविली आहे. तेलाचा मक्तेदार चोरट्या तेलाविषयी फिर्याद करतो. राजाची जमीन कसणारी रयत काम टाकून नार्मूथिसच्या देवळात आश्रयास जाते. स्वतः मेंखेसवरच विषप्रयोगाचा आळ येतो आणि त्यातून निर्दोष सुटल्यावर पुन्हा असा उपद्रव होऊ नये म्हणून तो राजदरबारी अर्ज करतो. इ. स. पूर्व 112 मधील एका पत्रात तर लुसियस मेमियस या रोमन सिनेटसभासदाच्या सरबराईची तजवीज आहे : मुक्कामाच्या जागा सज्ज ठेवाव्यात, भुलभुलैया दाखवावा, आणि पाहुण्याने पवित्र मगरींपुढे टाकावयाचे खाद्यही तयार असावे. रोमची सत्ता ईजिप्तवर प्रत्यक्ष प्रस्थापित होण्यास अद्याप ऐंशीहून अधिक वर्षांचा अवकाश असताना तिचा दबदबा फायूमच्या खेड्यापाड्यांतील अंमलदारांना कसा जाणवत होता, याचा हा समकालीन पुरावा होय.

हे कागद पुढील पिढ्यांसाठी लिहिलेले नव्हते, हेच त्यांचे मोठे प्रामाण्य. मात्र ते कोणासाठी लिहिले गेले, हे संशोधकाने क्षणभरही विसरता कामा नये. सारा का घटला याचा जाब ज्याला वरिष्ठांस द्यावयाचा आहे, तो लेखक नापीक जमिनीची यादी निरपेक्ष बुद्धीने करीलच असे नाही, आणि फिर्यादी हा आपल्यावरील अन्याय ठरीव शब्दांत रंगवूनच सांगतो. म्हणून एका नोंदीला दुसऱ्या नोंदीचा आधार मिळेपर्यंत निष्कर्ष राखून ठेवावा लागतो. वाचनाची शिस्तही तितकीच कडक आहे. पान फाटून अक्षरे नष्ट झाली असतील तेथे संपादकाने सुचविलेला मजकूर चौकटी कंसात द्यावयाचा, आणि संशयित अक्षराखाली टिंब द्यावयाचे, म्हणजे पपायरसाची साक्ष कोठे संपली आणि विद्वानाचा तर्क कोठे सुरू झाला, हे वाचकाला पारखता येते. शिवाय पपायरस टिकतो तो कोरड्या वाळूत. नाईलच्या मुखाजवळच्या दमट भूमीत तो कुजतो. त्यामुळे अलेक्झांड्रिया या राजधानीतले दफ्तर जवळजवळ सारे नामशेष झाले आणि वाळवंटाच्या काठची खेडी मात्र बोलकी राहिली. या खेड्यांवरून सबंध राज्याविषयी विधान करताना हा असमतोल ध्यानी धरलाच पाहिजे.

ग्रेन्फेल आणि हंट यांनी ईजिप्तमधीलच ऑक्सिरिंकस येथील पपायरसांचा पहिला खंड 1898 मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रकाशात आला. या दोन उद्योगांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु बखरीतला वृत्तान्त आणि अस्सल समकालीन कागद यांत पुराव्याच्या दृष्टीने जो भेद आहे, तो ज्यांनी राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचून आत्मसात केला आहे, त्यांना पपायरसशास्त्राचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही. राज्य कोणी जिंकले हे शिलालेख सांगतील. ते राज्य चालले कसे, कोणाच्या श्रमावर चालले, आणि रयतेने त्याचे मोल किती मोजले, हे जाणावयाचे तर गावकामगाराच्या हिशेबांनाच शरण गेले पाहिजे.