एकांतखोलीतून निघालेली उपचारपद्धती

मार्च १९६१. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग' या मनोरुग्णालयात मार्शा लिनेहन ही १७ वर्षांची मुलगी दाखल झाली. ती वारंवार स्वतःला इजा करून घेत असे. स्किझोफ्रेनिया म्हणून गोळ्या सुरू झाल्या, विजेचे झटके दिले गेले, आणि शेवटी तिला एकांतखोलीत ठेवलं. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि गज लावलेली इवलीशी खिडकी. तिथेही इजा थांबली नाही. २६ महिन्यांनी ती बाहेर आली.

पुढे तीच मुलगी मानसशास्त्रज्ञ झाली. १९७१ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून पीएच.डी. मिळवून लिनेहन काही वर्षांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या, आणि इतर डॉक्टर ज्यांच्यापुढे हात टेकत अशाच रुग्णांवर त्यांनी काम सुरू केलं.

सुरुवातीला त्यांनी रूढ वर्तनोपचार वापरले. 'हे बदला, ते बदला' ऐकून रुग्ण दुखावले जात. सगळा दोष आपलाच, असं त्यांना वाटे. नुसती सहानुभूती दिली, तर दुःख जागच्या जागी राही. मग लिनेहन यांनी दोन्ही एकत्र आणलं: तुझी वेदना खरी आहे, आणि तरीही ती सोसण्याचा वेगळा मार्ग तू शिकू शकतेस. यातला स्वीकाराचा भाग त्यांनी झेन साधनेतून घेतला. हीच डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी.

तिची मांडणी अगदी व्यवहारी आहे. आठवड्यातून एकदा थेरपिस्टशी भेट, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग, आणि अधेमधे कठीण क्षणी फोन. रुग्ण रोज एक कार्ड भरतो: आज इजा करण्याची इच्छा किती तीव्र होती, कोणती भावना दाटून आली, कोणतं कौशल्य वापरलं. पुढची भेट या कार्डापासूनच सुरू होते. कौशल्यंही साधी असतात: चेहऱ्याला गार पाणी लावणं, उच्छ्वास लांबवणं, विश्वासाच्या माणसाशी बोलणं, इच्छा ओसरेपर्यंत वेळ काढणं.

१९९१ मध्ये या पद्धतीची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये इजेचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयातले दिवस घटले, उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्याही कमी निघाल्या. आपली स्वतःची कहाणी मात्र लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितली ती थेट २०११ मध्ये, हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयात.

आपल्याकडे अशा रुग्णांपर्यंत मदत पोहोचण्याची वाट आणखी लांब होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 'पोलीस केस होईल' या धास्तीने घरचे लोक इजा लपवत, अपघात झाला म्हणून सांगत. मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानलं. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असं गृहीत धरलं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ उरलेलं नाही.

घरात कुणाच्या अंगावर स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर 'नाटकं करू नकोस' म्हणू नका. शांतपणे विचारा, ऐकून घ्या, जखमेवर उपचार करा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.